मेव्हण्याला दाखवलेला डोह

ब्रँडल खोऱ्यात माणसं दोनच प्रकारची. ट्राउट हा मासा धरणारी ती ट्राउटवाली, आणि बास हा मासा धरणारी ती बासवाली. ट्राउटवाले नदीच्या कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून थंडीनं निळे पडतात आणि त्याला सुख म्हणतात. बासवाले तलावात होडीवर खुर्ची टाकून बसतात आणि त्याला कष्ट म्हणतात. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नाही, कारण पेनसिल्व्हेनियाच्या त्या भागात चार महिने बर्फ असतो आणि तेवढा काळ नावं ठेवायला कुणीतरी लागतंच.

एल्वुड स्ट्रोम ट्राउटवाला. वय एकसष्ट. लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावण्यात त्याची निम्मी हयात गेली, आणि गिरणी बंद पडल्यावर तेच काम त्यानं घरच्या गॅरेजमध्ये सुरू केलं. त्याच्या बायकोचा, आर्डिथचा, धाकटा भाऊ लमार डीट्झ मात्र कट्टर बासवाला. लमार घरोघरी गॅसच्या टाक्या भरणारा ट्रक चालवायचा. त्याची बायको केव्हाच सोडून गेलेली, त्यामुळे रविवारचं जेवण बहिणीकडे. त्या जेवणात बटाट्याआधी ताटात पडायचे ते टोमणे.

"तुझ्या ट्राउटला रानातला मासा म्हणू नकोस," लमार म्हणायचा. "सरकारी टाकीत वाढतो, गोळ्या खातो, ट्रकात बसून नदीला येतो. बुटांचा आवाज आला की जेवणाची घंटा झाली असं समजून तोंड उघडतो. ही काय मासेमारी झाली? ही तर खानावळ."

"आणि तुझा बास रे?" एल्वुड काटा रोखून म्हणायचा. "वसंतात बिचारा नर अंडी राखत बसलेला असतो. बाप आहे तो! भूक ना तहान. तू नाकासमोर रबरी बेडूक नाचवतोस म्हणून वैतागून चावतो. दुसऱ्याच्या बाळंतघरात शिरून छेड काढायची, फोटो काढायचा आणि परत सोडून द्यायचं. लाज नाही वाटत?"

आर्डिथ दोघांच्या मधे बसून मटार वाढत राहायची. तीस वर्षं हे चाललं होतं आणि तिन्ही माणसं अगदी सुखात होती.

तीन वर्षांपूर्वी एल्वुडच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले. मग मंगळवार, गुरुवार, शनिवार चाळीस मैलांवरच्या गावी जायचं आणि चार-चार तास यंत्राला जोडून पडायचं. ट्राउटचा हंगाम एप्रिलच्या पहिल्या शनिवारी सकाळी आठ वाजता उघडतो. दोन वर्षं त्या शनिवारी आठ वाजता एल्वुड छताकडे बघत पडलेला होता. दिवसाला चार पेले पाणी, त्याच्यावर एक घोट नाही. जन्मभर नदीत उभा राहिलेला माणूस, आणि त्याला पाणी मोजून.

लमारनं कुणालाही न सांगता तपासण्या करून घेतल्या. एका रविवारी जेवताना म्हणाला, "मटार इकडे सरकव. आणि हो, माझी किडनी तुला जुळते. डॉक्टर म्हणतो, नोव्हेंबरात जमेल."

आर्डिथच्या हातातला वाडगा तसाच राहिला. लमारनं स्वतः उठून मटार घेतले.

नोव्हेंबरात ते झालं. शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा लघवी झाली तेव्हा एल्वुड ढसाढसा रडला. असल्या गोष्टीसाठी माणूस रडतो हे त्याला कुणी सांगितलं असतं तर त्यानं ते हसण्यावारी नेलं असतं. घरी आल्यावर स्वयंपाकघरात नळाखाली मोठा पेला भरून तो उभ्यानं प्यायला, मग आणखी एक भरला, आणि खिडकीतून बर्फाकडे बघत म्हणाला, "आर्डी, हे पाणी लमारनं पाजलं बघ मला." ती पाठ फिरवून भांडी घासत राहिली.

पण हे ज्याला सांगायला हवं तो कानावर घेईल तर शपथ! दवाखान्यातच एल्वुडनं एकदा सुरुवात केली होती. चाकाच्या खुर्चीतून लमार त्याच्या खोलीत आला, तसा एल्वुड उशीवरून उठत म्हणाला, "लमार, मला तुला काही—"

"ती जेली खाणार आहेस का?" लमारनं विचारलं.

"काय? नाही. मी म्हणत होतो—"

"मग दे इकडे." आणि जेली खाऊन, चमचा चाटून, तो आपल्या खोलीत निघून गेला.

त्यानंतर एल्वुडनं काय काय नाही केलं? हिवाळाभर बसून गळाला लावायच्या बनावट माश्या बांधल्या, एकेक अशी की खरी माशीसुद्धा सोयरीक जुळवायला यावी, आणि त्यांची पेटी लमारला दिली. लमार म्हणाला, "सुंदर आहेत. बासच्या दातात अडकतील." चर्चमध्ये पाद्र्यांनी आभाराची प्रार्थना घ्यायचं ठरवलं, तर लमारला ऐन वेळी ट्रकचे दिवे चालू राहिल्याचं आठवलं आणि तो बाहेर पळाला. ख्रिसमसला एल्वुडनं चिठ्ठी लिहिली. लमारनं ती न उघडता खिशात घातली आणि विचारलं, "पाई उरलाय का?"

उपकार पोटात आणि शब्द घशात, अशी एल्वुडची गत झाली. मग माणूस जे करतो तेच तो नकळत करू लागला. तो गोड वागू लागला. पत्त्यांत लमारला जिंकू देऊ लागला. त्याच्या विनोदांना हसू लागला, आणि लमारचे विनोद हसण्यासारखे नसतात हे अख्ख्या खोऱ्याला ठाऊक आहे. रविवारी लमारनं ट्राउटला नावं ठेवली की एल्वुड मान डोलवून म्हणायचा, "खरं आहे बाबा तुझं." लमार मग गप्प होऊन ताटाकडे बघायचा. आर्डिथला काहीतरी चुकतंय असं वाटायचं, पण काय ते तिच्या ध्यानात येत नव्हतं.

मार्चच्या अखेरीस तलावावरचा बर्फ फुटला. एल्वुड आपणहून म्हणाला, "मला तुझ्या होडीतून ने." तीस वर्षांत तो त्या होडीत पाय ठेवायला तयार नव्हता. दोघं गेले. गार वाऱ्यात तीन तास बसल्यावर लमारला तीन पौंडांचा एक सुस्त बास लागला. त्यानं तो दोन्ही हातांनी धरून दाखवला आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून मेव्हण्याकडे बघत वाट पाहिली.

"देखणा मासा आहे," एल्वुड म्हणाला. "मी आजवर उगाच नावं ठेवली. ट्राउटपेक्षाही देखणा."

लमारनं मासा हळूच पाण्यात सोडला. मोटर सुरू केली. किनाऱ्याला लागेपर्यंत एक अक्षर बोलला नाही. एल्वुडला वाटलं, दमला असेल. एकाच किडनीवर आहे बिचारा.

त्याच रात्री जेवताना एल्वुडच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शब्द नकोत, भेटी नकोत, चिठ्ठ्या नकोत. द्यायचीच तर तोलामोलाची गोष्ट द्यायची, आणि तशी त्याच्याजवळ एकच होती. तो आर्डिथला म्हणाला, "या हंगामात लमारला माझ्या डोहावर नेणार आहे."

"कुठल्या डोहावर?"

एल्वुड पावाचा तुकडा मोडत राहिला.

"एल्वुड. कुठल्या डोहावर?"

ब्रँडल खोऱ्यात माणूस बायकोला पगार सांगतो, आजार सांगतो, फार प्यायला तर जुनं प्रेमप्रकरणसुद्धा सांगतो. पण मासे कुठे पकडले ते सांगत नाही. बाप मरताना मुलाला शेत देतो, बंदूक देतो आणि आपली जागा सोबत घेऊन जातो. विचारणंही असभ्य मानतात. 'पुलाखाली' एवढंच उत्तर द्यायचं आणि समोरच्यानं ते खोटं आहे हे ओळखून 'हं' म्हणायचं, अशी रीत आहे. एल्वुडनं ती मोडून डोह सव्वीस वर्षांपूर्वी सापडल्याचं कबूल केलं.

"सव्वीस वर्षं," आर्डिथ म्हणाली, "पुलाखालचे म्हणून मी ते मासे तळले."

"पुलाखालचेही असायचे. मधून मधून."

"आणि मला नाही सांगितलंस, ते त्याला सांगणार?"

"तू मला किडनी दिलीस का?" एल्वुड बोलून गेला आणि जीभ चावली. पण आर्डिथला हसू फुटलं. तिनं स्वतःची किडनी द्यायची तयारी दाखवली होती, जुळली नव्हती. ती उठून नवऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "दे त्याला. पण हातमोजे घालून जा. आणि गोळी नऊला, विसरू नकोस."

पहिल्या शनिवारी पहाटे गावच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये नेहमीप्रमाणे न्याहारी होती. कुट्टूच्या पिठाची जाड धिरडी, सॉसेज, मेपलचा पाक आणि तोंड पोळणारी कॉफी. एल्वुड आत आला तसे लोक उठून उभे राहिले, कुणी पाठ थोपटली, कुणी "या, या, नवा माल बसवून आलात!" म्हणालं. एल्वुडचे डोळे भरून आले. दोन वर्षांनी तो या वासात, या गोंगाटात बसला होता. लमार समोर बसून सातवं धिरडं खात होता.

पुलापाशी दोन्ही काठांवर माणसं खांद्याला खांदा लावून उभी होती. दोऱ्या तयार, आमिष लावलेलं, पाणी पायापाशी, आणि गळ मात्र कुणी टाकायचा नाही. आठला हॉलचा भोंगा वाजला आणि दोनशे गळ एकदम पाण्यात पडले. त्यातले पन्नास एकमेकांत गुंतले, आणि हंगाम सुरू झाला. लमारनं यंदाही आपली ती बासची जाडजूड काठीच आणली होती. तिच्यानं खरं तर म्हैस ओढून काढावी. एरवी एल्वुडनं त्यावर दहा मिनिटं तोंडसुख घेतलं असतं. आज म्हणाला, "मजबूत आहे हो काठी."

लमारनं दात आवळले.

नऊला एल्वुडनं गोळी घेतली, दहाला लमारच्या कोटाची बाही ओढली. "चल माझ्याबरोबर. काही विचारू नकोस."

जुन्या रेल्वेच्या रुळांची जागा आता नुसती गवताची पट्टी झाली होती, तिच्यावरून ते मैलभर चालले. मग हेमलॉकच्या दाट झाडीत शिरले. आत अजून बर्फाचे तुकडे पडलेले होते. एल्वुडचं काळीज धडधडत होतं, चालण्यानं आणि मनातल्या बेतानं. काय बोलायचं ते त्यानं रात्रभर घोकलं होतं. डोहाशी पोचलो की म्हणायचं, लमार, ही जागा आजपासून तुझी. एवढंच. त्यात 'आभार' हा शब्द नव्हता, त्यामुळे लमारला पळता आलं नसतं.

डोहाच्या अलीकडे दलदल होती. वरून हिरवं शेवाळ, खाली मांडीएवढा काळा चिखल. तिच्यात एकच सपाट दगड होता, शेवाळाखाली वीतभर बुडालेला, बाहेरून न दिसणारा. तो सापडेपर्यंत एल्वुडनं पहिल्या तीन हंगामांत दोन बूट त्या चिखलाला वाहिले होते. तिथे लमारला थांबवायचं, दगड दाखवायचा, हाही बेतातला भाग होता. पण चढावर एल्वुडला धाप लागली. तो झाडाला टेकला.

"बस जरा," लमार म्हणाला आणि स्वतः मात्र चालत राहिला, बोलत राहिला. "तर त्या ट्रकचा क्लच असा झालाय म्हणून सांगू, काल मिसेस हॉटेनस्टाइनच्या चढावर मी चक्क मागे मागे यायला लागलो, आणि ती बाई खिडकीतून हात हलवतेय, तिला वाटलं मी निरोप घेतोय—"

बोलता बोलता तो दोन झाडांमधून डावीकडे वळला, गंजलेल्या तारेखालून वाकून गेला, दलदलीपाशी आला, न थांबता, खाली न बघता एक लांब पाऊल त्या शेवाळावर टाकलं, दुसरं पलीकडे. बूट घोट्यापर्यंतच ओले.

एल्वुडची धाप जागच्या जागी थांबली.

"लमार."

"काय?"

"तो दगड."

"कुठला दगड?" लमारनं वळून पाहिलं. मग आपल्या बुटांकडे पाहिलं. मग पुन्हा एल्वुडकडे. चोरी पकडल्यावर माणसाचा चेहरा होतो तसा त्याचा झाला.

एल्वुड तारेखालून आला, दगडावरून आला आणि लमारच्या छातीला बोट लावून म्हणाला, "किती वर्षं?"

"सतरा."

"सतरा! सतरा वर्षं तू माझे मासे—"

"एकही नाही. आर्डीची शपथ. या डोहात मी आजवर गळ टाकलेला नाही."

"मग इथे येतोस कशाला, हवा खायला?"

लमार एका आडव्या पडलेल्या खोडावर बसला. टोपी काढली, फिरवली, परत घातली. "गिरणी बंद पडली त्या वर्षीच्या मे महिन्यात," तो म्हणाला, "मी रानटर्कीच्या शिकारीला आलो होतो. रानाच्या रंगाचे कपडे, तोंडावर जाळी, तिथे त्या झाडाला टेकून बसलेला. टर्की काही येईना. आलास तू."

एल्वुड त्या झाडाकडे वळला.

"घरी तू सगळ्यांना सांगत होतास, बरं झालं गिरणी बंद पडली, आता मासेमारीला वेळच वेळ. आर्डीलाही तेच. आणि इथे या खडकावर बसून तू लहान पोरासारखा रडलास. काठी जोडलीसुद्धा नाहीस. मी दहा पावलांवर. उठलो असतो तर तुला कळलं असतं मी पाहिलं म्हणून. दोन तास हललो नाही, एल्वुड. विजारीत मुंग्या शिरल्या होत्या. लाल."

पाण्याचा आवाज येत होता. डोह दोन खडकांच्या मधे होता, खोलीएवढाच, हिरवा आणि स्वच्छ.

"मग मी विचार केला," लमार म्हणाला, "याला बसायला एक जागा आहे, ती राहू दे. वर्षाकाठी एकदा येऊन बघून जायचो. वादळात तो हेमलॉक डोहात आडवा झाला होता, तो कापून काढला. कुणी इकडे फिरकू नये म्हणून गावात सांगून ठेवलं की या उतारावर खुळखुळ्या सापांचं बीळ आहे."

"ते सापांचं तू उठवलंस?"

"मीच."

"लमार, त्या सापांच्या भीतीनं मी आठ वर्षं गुडघ्यापर्यंत चामड्याच्या पट्ट्या बांधून येत होतो इथे! जुलैमध्येसुद्धा! माझ्या पायांना पुरळ आलं होतं!"

"ते मला ठाऊक होतं," लमार म्हणाला. "पण सांगणार कसं?"

एल्वुड मटकन खोडावर बसला. त्याला हसायला हवं होतं, पण हसू आलं नाही. घोकलेलं वाक्य मनातल्या मनात विरघळून गेलं. "मी तुला हा डोह द्यायला आणलं होतं," तो म्हणाला. "माझ्याजवळ दुसरं काही नाही रे. तू मला पाणी पाजलंस, मला नदीवर परत आणलंस. याच्या तोडीचं म्हणून हे एकच होतं, आणि हेही तूच राखलेलं निघालं. आता मी तुला काय देऊ?"

"काही देऊ नकोस!" लमार एवढ्या जोरात ओरडला की वरून एक पक्षी उडाला. तो उठून उभा राहिला. "पाच महिने झाले, तुला काय झालंय? पत्त्यांत हरतोस. माझ्या विनोदाला हसतोस. माझे विनोद फालतू आहेत हे मला कळत नाही होय? होडीत बसून तू बासला देखणा म्हणालास, एल्वुड. बासला! तू! मला वाटलं औषधानं डोकं गेलं तुझं."

"मी चांगलं वागत होतो."

"कुणी सांगितलं होतं चांगलं वागायला? तू यंत्राला जोडलेला असायचास तेव्हा रविवारी समोरच्या खुर्चीत एक पिवळा, दमलेला माणूस बसायचा. मी ट्राउटला शिव्या घालायचो आणि तो नुसता मान हलवायचा. मला दुसरा मेव्हणा नाही. भांडायला दुसरं कुणीच नाही मला. घरी टीव्ही आहे फक्त." त्याचा आवाज चिरला, तसा तो नाक ओढून पुढे म्हणाला, "स्वार्थासाठी दिली मी किडनी. म्हटलं, तो जुना खवचट म्हातारा परत मिळेल. पोट कापून घेतलं, जेली खाल्ली, घरी आलो, तर समोर तोच मान हलवणारा माणूस. रंग तेवढा बदलला."

एल्वुडला एकदम सगळे रविवार आठवले, लमारचं ताटाकडे बघणं, होडीतलं गप्प बसणं. आपण ज्याला कृतज्ञता समजत होतो तिनं या माणसाला एकटं पाडलं, हे त्याला आता कळलं, आणि त्याला स्वतःची शरम वाटली.

"मासे आहेत का रे अजून यात?" शेवटी त्यानं विचारलं.

"मला काय माहीत? मी गळ टाकला नाही म्हटलं ना."

"मग टाक. आधी तू."

लमारनं बासची काठी जोडली. पेटी उघडली आणि त्यातून अंगठ्याएवढा, पिवळाधमक, दोन चकत्या लावलेला रबरी बेडूक काढला. एल्वुडनं डोळे मिटून घेतले, पण तो गप्प राहिला. लमारनं काठी डोक्यावरून मागे नेली आणि तलावात टाकतात तसा खांद्यातून जोर लावून गळ फेकला. बेडूक आधी हेमलॉकच्या फांदीवर आपटला, तिथून खडकावर, आणि खडकावरून डोहाच्या बरोबर मधोमध, विहिरीत वीट पडावी तसा, धप्पकन पडला. हिरव्या पाण्यातून एक लांब तपकिरी सावली विजेसारखी खडकाखाली निसटली, तिच्यामागे दुसरी, आणि सव्वीस वर्षं जपलेला डोह गढूळ होऊन गेला.

एल्वुड उठला.

"अरे मूर्खा!" तो गरजला. "अरे शतमूर्खा, हा डोह आहे की तुझ्या गॅसवाल्यांचं पार्किंग? इथे माणूस श्वास टाकताना परवानगी घेतो, आणि तू बेडूक फेकतोस? पिवळा? या खोऱ्यात पिवळा बेडूक बघितलायस कधी? तो ट्राउट आहे, तुझा तो फुगलेल्या तोंडाचा बास नाही समोर येईल ते गिळणारा! त्याला अक्कल आहे! तुझ्यापेक्षा जास्त आहे, आणि तुला ती कमी मिळाली हे तुझ्या बहिणीनं मला लग्नाआधी सांगायला हवं होतं! काठी अशी धरतात? ती काठी आहे का? बैलगाडीचा दांडा आहे तो! सतरा वर्षं इथे येतोस आणि एवढं शिकला नाहीस? काय बघत बसला होतास सतरा वर्षं, गाढवा, काय बघत होतास?"

श्वास घ्यायला तो थांबला तेव्हा त्याला दिसलं, लमारनं टोपी काढली होती. काठी खाली टाकून, दोन्ही हातांत टोपी धरून, चर्चमध्ये उभा राहतो तसा तो उभा होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"थांबू नकोस," लमार म्हणाला. "अजून होडीबद्दल काही बोलला नाहीस."

एल्वुड बोलला. होडीबद्दल बोलला, होडीतल्या खुर्चीबद्दल बोलला, तीन पौंडांच्या त्या कुरूप माशाबद्दल तर फारच बोलला, आणि पाणी निवळेपर्यंत बोलत राहिला.